पट्ट्या लावलेली झेरॉक्स

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तुम्ही दोघं नातवंडं तिकडे परदेशात फोनसमोर डोक्याला डोकं लावून बसला होतात. थोरली म्हणाली, "आजी, आता पैशांचा विषय पास झाल्याशिवाय आम्हाला शाळेतून सोडणारच नाहीत." धाकटा मागून ओरडला, "टॅक्स, लोन, क्रेडिट कार्ड, सगळं!" मी विचारलं, "शिकवायला कोण येतं?" तुम्हाला त्याचंच हसू आलं. "टीचर येते, आजी. अजून कोण येणार?" मी म्हटलं, "शाळेचीच टीचर, की बाहेरचं कुणी? आणि जाताना काही फॉर्म भरून घेतात का?" तेवढ्यात तुमची आई पलीकडून म्हणाली, "आई, तुला सगळीकडे चोर दिसतात," आणि विषय तिथेच बुडाला.

तो मी आता पुन्हा वर काढते आहे, कारण मधल्या काळात इथे बरंच काही झालं. त्यातलं थोडं तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही.

आधी संशयाबद्दल. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत बत्तीस वर्षं बिलं तपासली. नाव, तारीख, रक्कम. तिन्ही जुळलं की लाल टिक करायची आणि कागद फायलीत लावायचा. एक जरी जुळलं नाही तरी बिल परत. संशय घेण्याचाच मला पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, सवय राहिली. वर्तकनगरच्या ह्या घरात आजही प्रत्येक पाकिटावर ते आल्याची तारीख लिहिलेली असते, आणि कपाटात चार रंगांच्या फायली आहेत. तुम्ही लहानपणी हिरव्या फायलीवर हत्ती काढला होता, ती अजून वापरात आहे.

माझ्याकडे बुधवारी आणि शनिवारी एक मुलगी इंग्रजी शिकायला यायची. बारावीतली, कळव्याहून. तिची आई शाळांचे गणवेश शिवते आणि माझ्या साड्यांना फॉल-पिको करते, तशी आमची ओळख वीस वर्षांची. शिकवणीचे पैसे मी घेत नव्हते, म्हणून आई फॉलचे घेत नव्हती. मुलीला नर्सिंगला जायचं होतं. बाकी सगळे विषय ठीक, इंग्रजीच अडत होतं.

डिसेंबरात ती एक छापील कागद घेऊन आली. त्यांच्या कॉलेजनेही तुमच्या शाळेसारखंच काढलं होतं. बारावीच्या सगळ्यांना आर्थिक साक्षरतेचा वर्ग सक्तीचा. शेवटी एक वही करायची, तीही पूर्ण हवी, नाहीतर परीक्षेचं हॉल तिकीट मिळणार नाही. खरंच अडवलं असतं की नुसताच धाक होता, मला माहीत नाही. पण ऑफिसच्या खिडकीवर तसा कागद चिकटवला होता, आणि मुलगी घाबरली होती.

वहीत काय करायचं, तर स्वतःचं सोडून दुसऱ्या एका घरातले पैशांचे तीन वेगवेगळे कागद बघायचे, त्यात काय लिहिलंय ते आपल्या शब्दांत उतरवायचं, आणि खाली त्या घरातल्या मोठ्या माणसाची सही घ्यायची.

"आमच्या आळीत सगळ्यांकडे एकच कागद आहे, आजी. पासबुक," ती म्हणाली. "तीन वेगवेगळे फक्त तुमच्याकडे असतील. तुमच्या फायली आहेत ना."

माझ्या फायली तिला माहीत होत्या, हे मला त्या क्षणी आवडलं नाही. लोकांच्या घरातले पैशांचे कागद मुलांकरवी मागवणारं हे कसलं कॉलेज? वर्तमानपत्रात रोज एक म्हातारी लुबाडली जाते. मी तिला सांगितलं, "विचार करून सांगते," आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा करून कळव्याला गेले.

वर्ग जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत चालला होता. मी मागच्या स्टुलावर बसले. शिकवणाऱ्या गृहस्थांच्या गळ्यात शिट्टी होती.

"मी तुझ्याकडे आलो," ते एका मुलाला सांगत होते, "गोड बोललो, तुझ्या आजीच्या पाया पडलो आणि म्हटलं, दहा हजार दे, वाढवून देतो. तू काय विचारशील?"

"सर, आधी तुमचे दहा दाखवा!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला.

"गप रे. तीनच प्रश्न. लिहून घ्या. एक, पैसे एकदाच भरायचे की दरवर्षी? दोन, मध्येच लागले तर हातात किती येणार? आणि तीन, हा प्रश्न तोंडावर विचारायचा: ह्यात तुम्हाला काय मिळतं?"

तास संपल्यावर ते माझ्याजवळ आले. "बोला आजी. ऑडिटला आलात का?"

"तुमचा विषय कुठला?" मी विचारलं.

"कबड्डी."

"मग हे तुमच्याकडे कसं?"

"वर्ग वाटले त्या दिवशी मी मुलांना घेऊन मॅचला गेलेलो. जो हजर नव्हता त्याच्या गळ्यात घातलं."

"तुम्ही पॉलिसी वगैरे विकता का?"

"घेतल्यात, तीन," ते म्हणाले. "तिन्ही अंगाशी आल्या. म्हणून तर शिकवता येतं. विकायची अक्कल असती तर इथे शिट्टी फुंकत बसलो असतो का?"

इतकं सरळ उत्तर देणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो. मी परत येताना ठरवलं की मुलीचं हॉल तिकीट अडायला नको, कागद द्यायचे, पण माझ्या पद्धतीने.

तीन कागद काढले. पोस्टातली मासिक प्राप्ती योजना, आजारपणाचा विमा आणि बँकेतली नवी एफडी. त्या एफडीबद्दल तुम्हाला सांगायला हवं. ठाकुर्लीला आमची एक खोली होती, तुमच्या आजोबांनी उमेदीत घेतलेली. ती मी पावसाळ्यानंतर विकली. पैसे तुमच्यासाठी ठेवायचे होते. बँकेतला एक तरुण अधिकारी घरी आला, माझ्या पाया पडला, आणि अर्धा तास माझ्याशी इतक्या सुंदर इंग्रजीत बोलला की कंपनीतले जुने दिवस आठवले. "एफडीच समजा, मॅम, फक्त व्याज जरा जास्त." कागद घसघशीत इंग्रजीत होते. मी तिथल्या तिथे सह्या केल्या. पुढे कुरिअरने जाड पाकीट आलं. मी पाकिटावर तारीख घातली, आत नाव, तारीख, रक्कम पाहिली, तिन्ही जुळलं, लाल टिक केली आणि हिरव्या फायलीत लावलं.

तर ह्या तीन कागदांवर मी पांढऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्या कापून ठेवल्या. जिथे जिथे आकडा होता तिथे पट्टी. खाते क्रमांकावर पट्टी. वारसांच्या नावांवर, म्हणजे तुमच्या, पट्टी. एफडीचं फक्त पहिलं पान घेतलं. बाकी पंचवीस-तीस पानं कशाला दाखवायची? कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला म्हणाला, "काय काकू, सीबीआयला द्यायचेत का?" मी त्याला सांगितलं, तू तुझं काम कर.

त्या शनिवारी कागद मुलीला दिले. तिने पट्ट्यांकडे पाहिलं. "थँक्यू आजी" म्हणाली आणि पिशवीत ठेवले.

बुधवारी आली ती वही उघडूनच. पहिले दोन कागद तिने छान लिहिले होते. तिसऱ्या पानावर पेन्सिलीने दोन ओळी होत्या आणि पुढे कोरं.

"आजी, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"ह्याच्यावर ॲन्युअल लिहिलंय. ॲन्युअल म्हणजे दरवर्षी ना?"

"हो."

"आणि खाली अक्षरांत पाच वर्षं. म्हणजे तुम्ही पाच वर्षं, दरवर्षी पैसे भरणार?"

"एकदाच भरलेत. एफडी एकदाच भरतात."

"पण आजी, एफडी असं कुठेच नाहीये ह्याच्यावर. मी तीन वेळा वाचलं. पॉलिसी आणि प्रीमियम, असंच आहे सगळीकडे." ती बोट ठेवून ठेवून दाखवत होती. "आणि मध्येच काढले तर किती मिळणार ते मागच्या पानांवर असतं, सर बोलले. ती पानं तुम्ही दिलीच नाहीत."

माझ्या डोक्यात तेव्हा काय आलं ते तुम्हाला स्पष्ट लिहिते. मला वाटलं, आली आता मुद्द्यावर. आधी एक पान, मग सगळी पानं.

"म्हणजे तुला अजून कागद हवेत," मी म्हटलं.

"हवेत म्हणजे..."

"उद्या पासबुक मागशील. परवा ओटीपी."

तिचा चेहरा उतरला. "ओटीपी कुणाला द्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवलंय, आजी," ती हळूच म्हणाली. टोमणा नव्हता तो. मी विचारलंय असं समजून तिने उत्तर दिलं होतं.

"आज इंग्रजी राहू दे," मी म्हटलं. "वही नंतर बघू." सही केली नाही.

शनिवारी ती आली नाही. तिची आई आली. पायरीपाशीच उभी राहिली. मी आत बोलावलं तरी चप्पल काढली नाही. हातात खाकी पाकीट होतं.

"काकू, हे तुमचे तीन कागद. मोजून घ्या. आमच्याकडे तुमचा एक चिटोरा राहायला नको."

"अगं, असं काय करतेस?"

"पोरगी दोन दिवस जेवली नाही. काय झालं विचारलं तर सांगत नव्हती. काल बोलली, आजींना वाटतं मी त्यांचे पैसे बघतेय." तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. "माझ्याकडे आमच्या आळीची भिशी आहे, माहितेय ना तुम्हाला? बारा बायका. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येकीचे पैसे माझ्या हातात येतात आणि जिचा नंबर तिला जातात. कुठे सही नाही, कागद नाही. तेरा वर्षं झाली. एकीनेही अजून माझ्यासमोर पट्टी लावली नाही."

भिशी तुम्हाला माहीत नसेल. बायका दरमहा ठरावीक रक्कम एकत्र टाकतात आणि पाळीपाळीने एकीला सगळी मिळते. कंपनीतल्या बायका मला दर वर्षी त्यात बोलवत. मी म्हणायचे, ज्याला कागद नाही त्यात मी पैसे घालत नाही.

"तिच्या वहीचं काय?" मी विचारलं.

"सोमवारी शेवटचा दिवस आहे. ती दोनच कागद देणार आहे. तिसऱ्याचं पान तिने वहीतून फाडून काढलं. बोलली, आजींना नको असेल तर मी नाही लिहिणार." जाता जाता ती वळली. "सही पण नाहीये त्याच्यावर. बघू काय करतात ते. हॉल तिकीट नाही दिलं तर मशीनवर बसेल माझ्याबरोबर."

ती गेल्यावर मी पाकीट उघडलं. मला वाटतं, तेव्हाही मी आधी कागद मोजले. तीन होते. तिसरा, ज्याला मी एफडी म्हणत होते, तो डायनिंग टेबलावर ठेवला आणि चष्मा लावून बसले. आकडे पट्ट्यांखाली होते, त्यामुळे टिक करण्यासारखं त्या कागदावर काहीच नव्हतं. नाइलाजाने मी शब्द वाचले.

ॲन्युअल. पॉलिसी. प्रीमियम. पाच वर्षं. ज्या शब्दांवर पट्टी लावायची मला गरज वाटली नव्हती, तेवढेच त्या मुलीला दिसले होते आणि तिला सगळं कळलं होतं. मी हिरवी फाईल काढली, मूळ कागद बाहेर घेतले आणि पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत गेले. दरवर्षी तेवढीच रक्कम, आणखी चार वेळा, माझ्या बचत खात्यातून आपोआप कापली जाणार होती. खात्यात तेवढी नव्हतीच. दुसरा हप्ता चुकला असता तर खोलीच्या पैशांतला मोठा भाग गेला असता. ते सगळं तिथे छापलेलं होतं. त्याखाली माझ्या वळणदार इंग्रजी अक्षरात लिहिलेलं होतं की मी हे वाचलं आहे आणि मला समजलं आहे.

शेवटून दुसऱ्या पानावर एक चौकट होती. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. मी पाकीट शोधलं. माझ्याच अक्षरातली तारीख. बोटांवर मोजलं. सव्विसावा दिवस होता, शनिवार, आणि बँक सोमवारी उघडणार होती.

सोमवारी सकाळी मी आधी कळव्याला गेले. मुलगी ऑफिसच्या खिडकीपाशी रांगेत उभी होती. मला पाहून तिने वही छातीशी धरली.

"आजी, मी तुमचं काही लिहिलं नाहीये."

"माहीत आहे. चल."

शिट्टीवाले सर प्रयोगशाळेत वह्यांच्या ढिगाऱ्यामागे होते. मी हिरवी फाईल त्यांच्यासमोर ठेवली, मूळ कागद, पट्टी नाही, काही नाही. "हिचा तिसरा कागद हा. तिने माझ्या झेरॉक्सवरून बरोबर वाचला होता. मी लिहू दिला नाही."

सरांनी पानं उलटली. ओठ मुडपले. "पाकीट कधी आलं?"

"आज अठ्ठाविसावा दिवस."

"मग इथे काय करताय आजी? पळा ना बँकेत!"

"आधी हिची वही."

"अहो, वही कुठे जातेय?"

"खिडकी एकला बंद होते, बाहेर लिहिलंय. बँक चारला." मी मुलीला म्हटलं, "बस. लिही. आकड्यांसकट लिही."

ती तिथेच जीवशास्त्राच्या ओट्यावर बसून लिहायला लागली. एकदा मान वर करून तिने विचारलं, "खरी रक्कम लिहू?" मी हो म्हटलं. आजवर ती रक्कम तुमच्या आईलाही पूर्ण सांगितलेली नाही. लिहून झाल्यावर मी खाली सही केली, सही करण्याआधी तिचं सगळं पान वाचून. सरांनी शिक्का मारला. खिडकीतल्या बाईंनी तिच्या नावापुढे खूण केली.

मग ती म्हणाली, "मी पण येते, आजी." मी नको म्हटलं नाही.

वर्तकनगरच्या शाखेत कळलं की ते अधिकारी डोंबिवलीला बदलून गेले, आणि हे प्रकरण त्यांचं असल्यामुळे तिकडेच जा. डोंबिवलीला पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, उठून उभे राहिले आणि पाया पडायला वाकले. मी पाय मागे घेतले.

"मॅम, तुम्ही एज्युकेटेड आहात," ते नंतर म्हणाले. "तुम्ही तर वाचून सही केली आहे. बघा, तुमचंच हँडरायटिंग. गावाकडच्या बाईचं मी समजू शकतो."

मी काही बोलणार तोच मुलगी म्हणाली, "सर, ह्यात तुम्हाला काय मिळतं?"

त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. तिच्या कॉलेजच्या पिशवीकडे, चपलांकडे. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, "ही तुमच्याकडे कामाला आहे का?"

इंग्रजीत विचारलं तरी तिला ते समजलं. मीच शिकवलं होतं तेवढं. तिचे कान लाल झाले. त्या बुधवारी मी ओटीपी म्हटलं तेव्हाही असेच झाले असतील, मी तेव्हा पाहिलं नव्हतं.

"नाही," मी मराठीत म्हटलं. "ही कागद वाचते. तिने विचारलंय त्याचं उत्तर द्या."

उत्तराऐवजी त्यांनी मॅनेजरना बोलवून आणलं, मॅनेजर गोड बोलले, वर्षभर थांबा म्हणाले, चहा मागवला. आम्ही चहा घेतला नाही. चार वाजायला पाच मिनिटं असताना माझ्या परत करण्याच्या अर्जाच्या प्रतीवर पोच आणि तारखेचा शिक्का मिळाला. मुलीने तो शिक्का उजेडात धरून वाचला, तारीख बरोबर आहे का ते पाहिलं, आणि मगच मला दिला.

हॉल तिकीट तिला मिळालं. फोटोत केस विस्कटलेले आलेत म्हणून कुरकुरत होती. तिची आई नंतरच्या बुधवारी साडी घेऊन आली, ह्या वेळी आत येऊन बसली आणि फॉलचे पैसे मागितले. म्हणाली, "शिकवणीचे पण सांगा काकू. आता रोखठोक बरं." मी पैसे दिले. शिकवणीचे घेतले. अजून आमच्यात पूर्वीसारखं झालेलं नाही, आणि ती चूक माझी आहे.

पैसे परत आलेले नाहीत. "प्रोसेसमध्ये आहे" असं फोनवर एक बाई सांगते, दर वेळी वेगळी. मी प्रत्येकीचं नाव आणि वेळ लिहून ठेवते आहे.

तर आता तुमचा वर्ग. थोरलीने मागे विचारलं होतं की तिलाही घरातल्या एका मोठ्या माणसाचे कागद वाचून लिहायचे आहेत आणि आई-बाबा वेळ देत नाहीत. सोबत माझे तिन्ही कागद पाठवते आहे, शेवटच्या पानापर्यंत. एकाही आकड्यावर पट्टी नाही. नीट वाचा आणि जे समजणार नाही ते मला विचारा, मी रागावणार नाही. आईला दाखवलेत तरी चालेल.

आणि तुमच्या त्या टीचरना शिट्टीवाल्या सरांचा तिसरा प्रश्न विचारून काय उत्तर मिळतं, ते मला जसंच्या तसं लिहा.